बुधवारची कोरडी पट्टी

तुकोजीरावांच्या नव्या गच्चीतून पाण्याचा पहिला थेंब पडला तो थेट त्यांच्या कॉफीत. सकाळची वेळ होती, बाहेर तमिळ मुलुखातला दसऱ्यानंतरचा पाऊस लागला होता आणि तुकोजीराव दिवाणखान्यात बसून पितळी वाटीतली कॉफी उंचावरून पेल्यात ओतत होते. त्यांनी पेल्यात पाहिले, मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले.

"अगे, कॉफींत पाणी घातलेंस काय?"

अंबुजाबाई दारात उभ्या राहून वर बघत होत्या. "मी न्हवे. तुमचे गच्चीनें घातलें," त्या म्हणाल्या.

गच्ची अवघी सहा महिन्यांची होती. आधीची पन्नास वर्षे टिकली होती आणि आणखी पन्नास टिकली असती, पण गेल्या वर्षीच्या वादळात शेजारचा माड तिच्यावर आडवा झाला. उन्हाळ्यात तुकोजीरावांनी नवी घालायला काढली. काम अर्थातच कलियपेरुमाळ मेस्त्रीला दिले, कारण जुनी गच्ची त्याच्याच बापाने घातली होती. तेव्हा तुकोजी आणि कलियपेरुमाळ दोघेही आठ-आठ वर्षांचे होते. तेव्हापासून कुंभकोणमात असेल त्या दिवशी मेस्त्री सकाळी तुकोजीरावांच्या ओट्यावर कॉफीला यायचा, आणि दोघे पान जुळवत तासभर काहीच न बोलता बसायचे.

नवी गच्चीही चुन्याचीच; त्या काळी सिमेंट होते, पण घरावर घालायला कुणाचे मन धजत नसे. तुळयांवर विटा, विटांवर चुना आणि विटांचा रोडा, आणि वरून हिरड्याचे नि गुळाचे पाणी शिंपून तो कोबा बायकांनी लाकडी थाप्यांनी बडव बडव बडवायचा. दहा-बारा बायका ओळीने बसत, एकीने गाण्याची ओळ सांगायची आणि बाकीच्यांनी थापीवर तिला साथ द्यायची. त्या आवाजाने गल्लीतली तान्ही मुले झोपत असत.

तुकोजीराव सर्वे कचेरीत तीस वर्षे नकाशे काढून निवृत्त झाले होते, त्यामुळे देखरेख त्यांनी स्वतःच केली. शेजारच्या कठड्यावर छत्री उघडून, एका हातात घड्याळ आणि दुसऱ्या हातात पंचांग घेऊन ते सोमवार ते शनिवार सहाही दिवस बसले. कामाआधी तिरुनागेश्वरम्‌ला जाऊन राहूला दुधाचा अभिषेक करून आले होते. वाराप्रमाणे बदलणारा रोजचा दीड तासाचा अशुभ राहुकाळ कडक पाळायचा, हा त्यांचा पण होता. काटा ठरल्या जागी आला की ते हात वर करत, आणि थापी हवेत असेल तर ती हवेतच थांबायची. मेस्त्री पहिल्या दिवशी काहीतरी सांगू लागला तेव्हा त्यांनी पंचांगाचे पान त्याच्या नाकापुढे धरले. उघड्या कोब्यावर ओले गोणपाट टाकायला एक बाई उठली, तिलाही त्यांनी खाली बसवले. गोणपाट टाकणे हेही कामच, असा त्यांचा निवाडा होता.

आणि आता ती गच्ची गळत होती. दुपारपर्यंत एकीच्या पाच गळत्या झाल्या. कुंभकोणम हे पितळेच्या भांड्यांचे गाव, आणि अंबुजाबाईंच्या लग्नात मिळालेली भांडी तर गल्लीत प्रसिद्ध होती, पण तीही पुरेनात. प्रत्येक भांड्याचा सूर वेगळा होता. परातीचा खर्ज, तांब्याचा मध्यम, आणि विठोबा-रखुमाईच्या तसबिरीपुढे पडणाऱ्या धारेखाली ठेवलेला पंचपात्रीचा पेला सगळ्यांत वरच्या पट्टीत.

"ऐकिलांत काय? अस्के भांडे संपले," संध्याकाळी शेवटचे भांडेही मांडून अंबुजाबाई म्हणाल्या. "आतां मी सांबार कशांत करूं?"

मेस्त्रीला बोलावणे गेले. तो आला, वर चढला, भिजत खाली उतरला आणि चुना घेऊन पुन्हा वर गेला. त्याने लिंपले. दोन दिवस बरे गेले, तिसऱ्या दिवशी पाचही सूर पुन्हा लागले. परत लिंपले, परत लागले. तुकोजीरावांनी कारण विचारले तर मेस्त्री म्हणे, "एजमान, पाऊस थांबू द्या, मग सावकाश बोलू." हे त्याचे सावकाश बोलणे तुकोजीरावांच्या डोक्यात गेले.

पावसामुळे ओट्यावर नेहमीच चार माणसे आडोशाला उभी असत; चौथ्या खेपेलाही होती. त्यांच्यासमोर तुकोजीराव बोलून गेले, की कोब्याला गूळ कमी पडला असणार, मोजून दिलेला गूळ गच्चीत गेला नाही, कुणाच्या तरी घरी गेला. मेस्त्रीने हातातली थापी खाली ठेवली, ओट्यावरचे आपले पान उचलले, छत्री उघडली आणि तो निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो कॉफीला आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. अंबुजाबाई सवयीने दोन पेले ओट्यावर ठेवत आणि एक तसाच आत नेत.

खरी अडचण पुढेच होती. कार्तिकी एकादशी बारा दिवसांवर आली होती. तुकोजीरावांच्या वडिलांनी सुरू केलेले एकादशीचे भजन बेचाळीस वर्षे त्याच दिवाणखान्यात होत आले होते. गोविंदपुरम्‌हून भजनी मंडळी येत, रात्रभर मराठी अभंग होत, आणि एरवी बाजारात तमिळ बोलणारी आपली पोरे त्या एका रात्री आजोबांच्या भाषेत गात. तुकोजीरावांना निवृत्तीनंतर उरलेला मान म्हणावा तर तो एवढाच होता. त्यांचा चुलतभाऊ व्यंकटरमण वकील होता, आणि त्याचा डोळा बरीच वर्षे त्या भजनावर होता. गळतीची बातमी कळताच तो मोठ्या कळवळ्याने आला.

"अण्णा, यंदाचें भजन आमचे घरीं ठेवूं," तो वर बघत म्हणाला. "आमचे घरास पंखाही आहे. आणि त्या मेस्त्रीस मी नोटीस देतों. तुम्ही मज एक नकाशा करून द्या. कोणते दिवशीं किती काम झालें, कोठें गळतें, अस्के त्यांत पाहिजे."

एकदा गेलेले भजन परत येत नाही हे तुकोजीरावांना पक्के माहीत होते. पण नकाशा म्हटल्यावर त्यांचा हात शिवशिवला. कचेरीतला जुना बोरू, शाईच्या दोन दौती आणि मोजपट्टी बाहेर आली. दिवाणखान्यावरची गच्ची त्यांनी प्रमाणात उतरवली. रोज चार फुटांची एक पट्टी, अशा सहा पट्ट्या. प्रत्येक पट्टी पूर्वेकडून पश्चिमेकडे गेलेली, सकाळी सहाला सुरू, संध्याकाळी पाचला पुरी. मग परातीपासून पंचपात्रीपर्यंत एकेक भांडे मोजून त्यांनी तांबड्या शाईने एकेक रेघ ओढून गळत्या काढल्या. त्या कुठेही विखुरल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मेस्त्रीच्या गलथानपणाचा याहून चांगला पुरावा कोर्टाला काय हवा, असे त्यांना वाटले.

अंबुजाबाई परात रिकामी करायला आल्या आणि खांद्यावरून डोकावल्या. "ही एक पट्टी कोरडी आहे की. ही कोण्या दिवसाची?"

"बुधवारची."

"बुधवारीं काय वेगळें केलें मेस्त्रीनें?"

तुकोजीरावांनी रोजनिशी उघडली. बुधवारी वेगळे काहीच नव्हते. राहुकाळ बारा ते दीड, म्हणजे जेवणाची वेळ. बायका पावणेबारालाच पट्टीची कड उतरती करून, तिच्यावर ओले गोणपाट टाकून आपणहून जेवायला उतरल्या होत्या, हात वर करायची वेळच आली नव्हती. त्यांनी सोमवारचे पान पाहिले. साडेसात ते नऊ. सहाला काम सुरू, म्हणजे साडेसातला पट्टी अमुक फूट झालेली असणार. त्यांनी मोजपट्टी लावली आणि ती बरोबर तांबड्या रेघेवर येऊन थांबली. मंगळवार, दुपारी तीन. मोजपट्टी विठोबाच्या तसबिरीपुढे गेली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. तीस वर्षांत त्यांचा एकही नकाशा इतका बिनचूक आला नव्हता.

वैशाखाच्या उन्हात दीड तास उघडी राहिलेली कड वाळून कोरडी ठणठणीत झाली होती, आणि राहुकाळ सरल्यावर तिला चिकटवलेला नवा कोबा तिला कधी चिकटलाच नव्हता.

त्यांनी मोजपट्टी खाली ठेवली. आणि मग त्यांना आठवण झाली, जुन्या गच्चीच्या वेळची. आठ वर्षांचा तुकोजी थाप्यांच्या आवाजात दुपारी झोपी गेला होता आणि उठला तेव्हाही तो आवाज चालूच होता. तो आवाज कधी थांबल्याचे त्यांना आठवेना. त्यांचे वडीलही पंचांग मानत, पण पंचांग घेऊन गच्चीवर कधी गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सव्वानऊला तुकोजीराव धोतर सावरून निघाले. अंबुजाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, कारण शनिवारचा राहुकाळ नऊला लागतो आणि या काळात तुकोजीरावांनी उंबरा ओलांडलेला त्यांनी आजवर पाहिला नव्हता. त्यांनी फक्त छत्री आणून दिली.

मेस्त्री तिरुनागेश्वरम्‌ला एका छत्राचे काम करत होता. यात्रेकरूंच्या त्या धर्मशाळेवर पत्र्याचा आडोसा करून बायका कोबा बडवत होत्या. राहूच्या देवळासमोर, भर राहुकाळात, आणि एकही थापी थांबत नव्हती. तुकोजीराव शिडी चढून वर गेले आणि नकाशा उलगडून त्यांनी मेस्त्रीपुढे धरला. मेस्त्रीने तो बराच वेळ पाहिला. तांबड्या रेघांवरून त्याने बोट फिरवले.

"छान काढलाय, एजमान," तो तमिळमध्ये म्हणाला.

"तुला हे ठाऊक होतं. मग सांगितलं का नाहीस?" तुकोजीरावांनीही तमिळमध्येच विचारले.

"पहिल्या दिवशी सांगायला लागलो, तुम्ही पंचांग दाखवलंत. आणि नंतर ओट्यावर दर वेळी चार माणसं होती. त्यांच्यासमोर तुमची चूक कशी सांगू? पाऊस थांबल्यावर दोघंच असताना बोलू म्हटलं."

तुकोजीरावांनी मान खाली घातली. त्या चार माणसांसमोर आपण काय बोललो ते त्यांना शब्दन् शब्द आठवले.

"गुळाचं बोललो, ते मला बोलायला नको होतं," ते म्हणाले.

मेस्त्रीने नकाशा घडी घालून परत दिला. मग म्हणाला, "गच्चीचा गूळ मी जन्मात एकदाच चोरला. बापाच्या टोपलीतून. निम्मा तुम्ही खाल्ला होता."

तुकोजीरावांना ते चिंचेचे झाड आठवले, चिकट झालेली बोटे आठवली, आणि गूळ खाऊनही पन्नास वर्षे न गळलेली ती गच्ची आठवली. ते हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. मेस्त्रीने न मागता आपली पानाची पिशवी पुढे केली.

सोमवारी आभाळ उघडले. मेस्त्रीने बायका आणल्या, पाचही सांधे छिन्नीने खोल उकरले, ओले केले आणि नव्याने भरले. साडेसात वाजले तेव्हा सगळ्या बायकांनी सवयीने थाप्या उचलून धरल्या आणि खाली चौकाकडे पाहिले. तुकोजीराव तिथे झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी हात वर केला नाही. बायकांनी एकमेकींकडे पाहिले, एकीने ओळ सांगितली आणि थाप्या पडू लागल्या. आठच्या सुमारास अंबुजाबाई कॉफी घेऊन आल्या तेव्हा तुकोजीराव झोपाळ्यावर गाढ झोपले होते, आणि घड्याळ त्यांच्या हातातून गळून गादीवर पडले होते. त्यांनी कॉफी तशीच परत नेली, आणि राहुकाळ सरेपर्यंत त्यांना उठवले नाही.

एकादशीला सकाळपासून पाऊस कोसळला. गोविंदपुरम्‌ची मंडळी भिजत आली आणि कोरड्या दिवाणखान्यात बसून रात्रभर गायली. व्यंकटरमण सगळा वेळ वर बघत बसला होता, त्यामुळे त्याची मान दोन दिवस धरली. परातीत त्या रात्री फक्त प्रसादाचा सुंठवडा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर दोन पेले आले आणि दोन्ही रिकामे होऊन आत गेले. पान जुळवता जुळवता मेस्त्री म्हणाला, "एजमान, तो नकाशा मला देता का? उन्हाळ्यात वकीलसाहेबांची गच्ची घालायची आहे. पहाटे भजनाहून जाताना त्यांनी राहुकाळाचं विचारलं. छत्री कुठे मिळते तेही विचारलं."

तुकोजीराव विचारात पडले. तो नकाशा बाहेर गेला म्हणजे पाच तांबड्या रेघांनिशी त्यांचा शहाणपणा गावभर होणार. ते उठले, आतून बोरू आणला, आणि कोपऱ्यात नेहमीच्या वळणदार अक्षरात आपले पूर्ण नाव, हुद्दा आणि खाली 'दोष : घरमालकाचा' असे लिहून नकाशा मेस्त्रीच्या हाती दिला.

पुढे कितीतरी वर्षे कुंभकोणमात कलियपेरुमाळच्या कामावर कुणी घड्याळ घेऊन आला, की मेस्त्री त्याच्यापुढे तो नकाशा पसरायचा आणि बुधवारच्या पट्टीवर बोट ठेवायचा. आता कोबा बडवणाऱ्या बायकाही उरल्या नाहीत आणि त्यांची गाणीही. तुकोजीरावांची गच्ची मात्र अजून आहे, आणि तिच्याखाली कार्तिकातले भजनही.