अर्ध्या भावाची कवळी

"सीमेपलीकडे सगळं अर्ध्या भावात!" हे अल्फोन्स क्रिझमानिचच्या आयुष्याचं सार. राहायचं ऑस्ट्रियात, कारण पेन्शन तिथली. पण केस कापायला, चष्मा करायला, सॉसेज आणायला जायचं हंगेरीतल्या शोप्रोनला! बायको वारली, तेव्हा शवपेटीचा भावसुद्धा पठ्ठ्याने पलीकडे विचारून पाहिला होता. लेक रोमाना तेव्हापासून त्याच्याशी मोजकंच बोलायची.

तिचं लग्न ठरलं. शुक्रवारी नोंदणी, शनिवारी दुपारी पंगत. तिने एकच मागितलं, "बाबा, जेवायच्या आधी आईचं गाणं तेवढं म्हणा."

लेकी, उंबऱ्याच्या पार तुझं नवं घरदार,
माझ्या चुलीपाशी तुझी जागा उबदार.

आणि बुधवारी अक्रोड फोडताना कवळीचेच दोन तुकडे!

"इथेच दुरुस्त करा. पैसे मी देते," रोमाना म्हणाली.

"वेडी का काय! शोप्रोनला अर्ध्यात होतं!"

शोप्रोनच्या डॉक्टर इल्दिकोने तुकडे ठेवून घेतले. "शनिवारी सकाळी न्या."

शनिवारी लग्नाचा कोट चढवून, बोळक्या तोंडाने स्वारी हजर. दवाखान्याला कुलूप! समोरची पाववाली हसून म्हणाली, "आजोबा, ती डॉक्टरीण गेली तुमच्याच देशात, आयझेनश्टाटला. तिकडे पगार तिप्पट! तुमचे दात सोबत नेलेत. म्हणाली, म्हाताऱ्याला घराजवळच पडेल."

अल्फोन्सने गाडी अशी पिटाळली, की चरणारी बदकं आकाशात गेली!

आयझेनश्टाटच्या दवाखान्यात इल्दिको तातडीच्या रुग्णांसाठी ड्यूटीवर होती. तिने कवळी पुढे केली आणि बिलही. ऑस्ट्रियाच्या भावाचं!

"अहो, तुकडे दिले तिथे!" अल्फोन्सच्या तोंडातून शब्दांपेक्षा वाराच जास्त निघाला.

"जोडले इथे."

"पण ठरलं तिथे!"

"आजोबा, तुम्ही सगळे स्वस्ताईला येता म्हणून तिथे पावसुद्धा महागला. पगार मात्र होता तिथेच. आईला एकटं टाकून आलेय मी इथे!"

"ते खरं हो. पण भाव कुठला लावणार?"

रांगेतला सुजल्या गालाचा माणूस कण्हत ओरडला, "द्या हो त्याला फुकट!" पण अल्फोन्स हटेना. चर्चच्या घंटा बारा वाजल्याचं सांगून दमल्या. शेवटी इल्दिकोने हात जोडले, "द्या शोप्रोनच्या भावाने. जा!"

जिंकलो! कवळी चढवून, गाण्याची ओळ घोळवत तो मंडपात शिरला. टेबलांवर चमचे वाजत होते. कुणी वर पाहिलं नाही.

"रोमाना, अर्ध्यात झालं बघ! म्हणू गाणं?"

रोमानाने डोळे पुसलेले होते, नीट, कुणाला कळू नये असे.

"सूप निवेपर्यंत आम्ही सगळे थांबलो होतो. मग मीच म्हटलं, बाबा." तिने मांसाची थाळी त्याच्यापुढे सरकवली. "बसा आता. चावून चावून जेवा."