आवाज बंद करून जोडलेलं कासव

बाई गेल्याचं शाळेत कळलं, त्याच दिवशी मुख्याध्यापिका घरी आल्या. डोळे पुसून झाले. चपला घालताना हळूच म्हणाल्या, "नववीसाठी बाई मोबाईलवर समुद्रातल्या प्लास्टिकची गोष्ट करत होत्या. ती राहिलीच म्हणायची."

"राहते कशी? मी पुरी करतो!" बाईंचे मिस्टर म्हणाले.

शाळेत त्यांना याच नावाने ओळखत. जन्मभर पंखे दुरुस्त केलेला माणूस. मोबाईलला हात लावायचा तोही चालू पंख्याला लावावा तसा!

"बाबा, मी जोडून देते," लेक म्हणाली.

"अख्खा पंखा उघडून जोडणाऱ्याला व्हिडिओचे चार तुकडे जोडता येत नाहीत होय?"

बाईंनी चित्रं काढली होती, आणि एकेका चित्रावर मोबाईल धरून गोष्ट सांगितली होती; शेवटच्या चित्राचा मात्र नुसता फोटो होता. एक पिशवी गटारातून नदीत जाते, नदीतून समुद्रात आणि शेवटी कासवाच्या पोटात.

मिस्टरांनी पहिला तुकडा लावला. "ऐका रे मुलांनो..." बाईंचा आवाज आला. त्यांनी मोबाईल उशीखाली कोंबला. मग त्यांना युक्ती सुचली. आवाज बंद! नुसती चित्रं बघून त्यांनी सगळे तुकडे ओळीने जोडले.

वर्गात पडद्यावर कासवाने पिशवीकडे बघून तोंड उघडलं. पोरं श्वास रोखून बसलेली. आणि बाई कडाडल्या,

"आलात? परत प्लास्टिकच्या पिशवीत टोमॅटो? दाराला कापडी पिशवी टांगलीये, ती काय शोभेला?"

"विसरलो गं!" पडद्यातून मिस्टरांचाच आवाज.

"रोज विसरता! मी पोरांना समुद्र शिकवते, आणि माझाच नवरा पिशव्यांचं कोठार!"

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत!"

अख्खी नववी ऐकत होती. मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मिस्टर, टोमॅटो कसे दिले?" वर्गात हशा फुटला! मिस्टर आवाज बंद करायला धावले, भलतंच बटण दाबलं, आणि बाई दुप्पट मोठ्याने ओरडू लागल्या. वायरीत पाय अडकला. पोरांसाठी आणलेला खाऊ हातातून निसटून फरशीभर सांडला.

खाऊची पिशवी पंख्याच्या वाऱ्याने उडाली आणि अलगद पडद्यावरच्या कासवापाशी जाऊन पडली. पातळ, पांढरी, प्लास्टिकची.

कोणी हसलं नाही. ते हसण्यापेक्षा वाईट होतं. मिस्टर वाकून गोळ्या वेचत राहिले, मान वर करायची हिंमत होईना.

"आमच्या बाई अशाच ओरडायच्या," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. "मिस्टर, हे भांडण त्यातून काढू नका ना."

मग शेवटचं चित्र आलं. कासव वाळूवर पडलेलं. आवाज नाही.

"हे बिघडलं का?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"नाही. तिचं एवढंच सांगायचं राहिलं होतं."

"मग तुम्ही सांगा."

मिस्टर उभे राहिले. घसा खाकरला. पोरं वाट बघत होती.

"विसरलो गं," एवढंच तोंडातून आलं.

आता बाजारात जाताना ते दारावरची कापडी पिशवी नेतात. शेवटच्या चित्राला आवाज द्यायचा अजून राहिलाय.