इंजिनाची नाव

नावेतली वल्ही काढून काठावर ठेवायला लावली, तिथंच खरं म्हणजे यशवंतरावांचे ग्रह फिरले. पण पोरीच्या लग्नात बापाला एवढं कळलं असतं, तर आणखी काय हवं होतं!

त्यांचं गाव तामसीकडचं, पैनगंगेच्या अलीकडे, तेव्हाच्या आंध्रात. नदीच्या पलीकडे महाराष्ट्र, आणि तिथंच लेकीचं, वनमालेचं सासर. लग्न मुलाच्या दारी. विहीणबाई, जयवंताबाई, मोठ्या मानाच्या आणि त्याहून मोठ्या रुसव्याच्या. साखरपुड्याला त्यांच्या पानात लिंबाची फोड वाढायची राहिली, तर महिनाभर अबोला धरला होता. अशा बाईपुढे यशवंतराव फुशारकी मारून बसले होते, "आमचं वऱ्हाड इंजिनाच्या नावेतून येईन. मुहूर्ताच्या कितीतरी आधी!" आता मुहूर्त हुकला तर अबोला किती वर्षांचा, याचा हिशेब ते मनातल्या मनात करत होते.

इंजिन त्यांच्या विहिरीवरचंच, डिझेलचं. मारोती नावाड्याच्या नावेत बसवून खाली पंखा जोडला होता. इंजिन थंड ठेवायला नदीचंच पाणी. एका नळीनं ते आत यायचं, दुसरीनं बाहेर पडायचं. पाणी आत घेणाऱ्या नळीच्या तोंडाला कचरा अडवायची जाळी होती.

"वल्ही राहू द्या मालक," मारोती म्हणाला होता.

"इंजिनाच्या नावेत वल्ही? लोक हासतीन मले!"

वऱ्हाड, रुखवत, बँडवाले असं सगळं लादून नाव निघाली आणि भकाभका काळा धूर सुटला. लगेच मेहुणे माणिकराव पुढे सरसावले. ते आर्टीसीत, म्हणजे आंध्राच्या एस्टीत, कंडक्टर. जन्मभर इंजिनाशेजारी तिकिटं फाडल्यामुळे इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं, अशी त्यांची समजूत होती.

"भाऊजी, याले हवा कमी पडून राह्यली." त्यांनी हवेचं फिल्टर काढून ठेवलं. धूर काळाच. "मंग ऑइल कमी हाय!" म्हणून त्यांनी डबा उपडा केला. धूर निळा झाला.

"आता निळा काऊन येऊन राह्यला?"

"निळा चांगला असते, भाऊजी."

तेवढ्यात मध्यधार आली. लेक नदीपार द्यायची तर नदीची ओटी भरायलाच हवी. यशवंतरावांच्या बायकोनं, कौशल्याबाईंनी, इंजिनाच्या अंगाला बसून खण, नारळ, तांदूळ पाण्यात सोडले. नारळ तरंगत गेला, तांदूळ बुडाले. खण कुठे गेला, ते कोणी पाहिलं नाही.

थोड्याच वेळात इंजिन तव्यासारखं तापलं आणि पांढरे लोट निघू लागले.

"पांढरा!" माणिकराव आनंदानं ओरडले. "आता साफ जळून राह्यलं!"

"कायचं साफ?" कौशल्याबाई कडाडल्या. "नदी कोपली. ओटी कमी पडली माय!" त्यांनी दुसरा खण सोडला. लोट आणखी वाढले. मग त्यांनी गाठोड्यातून तिसरा काढला, हिरवा, लाल काठाचा.

"अवं, तो इहीणबाईच्या मानाचा व्हय!" यशवंतराव ओरडले.

"जीव वाचला तं मान!" आणि तोही गेला.

इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. सगळं वऱ्हाड माना वर करून धूर बघत होतं. पाणी बाहेर टाकणारी नळी केव्हाची कोरडी पडली होती, तिच्याकडे एकाचंही लक्ष नव्हतं. नाव धारेला लागली.

"मारोती," यशवंतराव हळूच म्हणाले, "वल्ही..."

"काठावर हायत, मालक. तुमीच ठेवाले लावली."

मग काय करता! रुखवतातल्या पराती निघाल्या. वऱ्हाड परातींनी पाणी मारू लागलं. सगळ्यात मोठी परात नवरीनंच घेतली, कारण लग्न तिचं होतं. काळ्या तोंडाचं ते वऱ्हाड पलीकडे लागलं तेव्हा भटजी मुहूर्त ताणून ताणून रडकुंडीला आले होते. अक्षता कशाबशा पडल्या एकदाच्या.

पण मानपानाची वेळ आली आणि विहीणबाईंचा खण काही निघेना. जयवंताबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "असू द्या. आमचा कायचा आला मान!"

यशवंतरावांना ते बघवेना. ते तडक नदीवर गेले आणि सगळा राग काढायला इंजिनाची नळीच उपसली. जाळीला तीन खण गच्च चिकटले होते! वरचा हिरवा, लाल काठाचा. यशवंतरावांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खण नाचवत ते मांडवात आले, आणि तोंड उघडणार तोच कौशल्याबाईंनी हिरवा खण हिसकावला.

"इहीणबाई! नदीनं परत देला! खास तुमच्यासाठी!"

जयवंताबाईंनी वळून पाहिलं. डिझेलचा वास मारणारा तो ओला खण त्यांनी डोळ्यांना लावला आणि त्यांना रडूच कोसळलं. "एवढा मान मले कोनीच नाई देला वो!"

"पण तो खण जाळीत..." यशवंतराव म्हणू लागले. कौशल्याबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

निरोपाला अख्खं गाव काठावर आलं. पुढे जयवंताबाई, मागे भावकीतल्या यच्चयावत बाया, आणि प्रत्येकीच्या हातात नवा कोरा खण.

"इवाई, आता आमी समद्या ओटी भरतो," जयवंताबाई यशवंतरावांना म्हणाल्या. "तुमच्या इंजिनाच्या अंगालेच सोडतो. इहीणबाई म्हने, तिथूनच घेते नदी."

माणिकरावांनी इंजिनाचं हँडल उचललं. यशवंतरावांनी त्यांचा हात घट्ट धरला. विहिणीला नाही म्हणायची छाती या जन्मी तरी त्यांच्यात नव्हती. त्यांनी पदर खोचून उभ्या असलेल्या त्या बायांकडे पाहिलं, इंजिनाकडे पाहिलं, आणि हात जोडून म्हणाले,

"इहीणबाई, तुमच्या गावात वल्ही भेटतीन का?"