ध्वनी विभागाची तंदुरुस्ती: एक समाधानकारक आढावा

शरीर हे प्रत्येक कर्मचाऱ्याजवळ असतंच, आणि कामावर येताना ते घरी ठेवून येण्याची सोय अद्याप कोणत्याही संस्थेला करता आलेली नाही. त्यामुळे त्याची काळजी घेणं ओघानेच आलं. आमच्या मालिकेच्या निर्मात्यांनी याच उदात्त जाणिवेतून एक आरोग्य समिती नेमली. समितीचा अध्यक्ष मी आहे. (सचिव आणि सदस्यही मीच असल्यामुळे आजवरचे सर्व ठराव एकमताने संमत झाले आहेत.)

समितीने सर्वप्रथम ध्वनी विभाग हाती घेतला, कारण तो लहान आहे आणि कुरकुर करत नाही. त्यात दोघे जण. एक ध्वनिमुद्रक, ज्यांना सगळे काका म्हणतात. ते दिवसभर कानांवर हेडफोन चढवून खुर्चीत बसतात. दुसरा बूमवाला. बूम म्हणजे लांब दांड्याच्या टोकाला बसवलेला माइक. तो दांडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून, कॅमेऱ्यात न येता, बोलणाऱ्याच्या तोंडाशी न्यायचा, हे त्याचं काम. मान लांब करून तासन्‌तास निश्चल उभा असतो म्हणून त्याला बगळा म्हणतात. तो ओ देतो.

पाहणीअंती असं आढळलं की विभागातील पन्नास टक्के लोकांचं पोट सुटलेलं आहे आणि उरलेल्या पन्नास टक्के लोकांचा उजवा खांदा दुखतो. पोटाबद्दल काकांची तक्रार नव्हती. खांद्याबद्दल मात्र त्यांनीच विषय काढला.

"साहेब, याला एक स्टँड द्या. लांब सीनमध्ये नट जागचे हलत नाहीत, तेव्हा दांडा स्टँडवर ठेवता येईल. सेटवर एक आहेच की."

सेटवर एक होता ही गोष्ट खरी. त्यावर दिग्दर्शकांचं जाकीट असतं. जाकीट खुर्चीच्या पाठीला टांगल्यास चुरगळतं. (समितीने हे स्वतः टांगून पाहिलं आहे.) शिवाय प्रश्न तत्त्वाचा होता. लोक फी भरून, पहाटे उठून, व्यायामशाळेत जातात आणि वजनं उचलतात. बगळ्याला तेच वजन कामाच्या वेळेत, बसल्या जागी, म्हणजे उभ्या जागी, विनामूल्य उचलायला मिळतं. स्टँड दिला असता तर त्याचा व्यायाम बुडाला असता, आणि हे पाप समिती माथी घेणार नव्हती.

स्टँडऐवजी दोघांना ट्रॅकसूट देण्यात आले. कापड उत्तम, नायलॉनचं, झळाळणारं. फक्त त्याची एक मांडी दुसरीला लागली की सर्र असा आवाज होई, आणि तो माइकमध्ये थेट येई. म्हणून शॉटपूर्वी बगळा ट्रॅकपँट उतरवून घडी करून ठेवी आणि शॉट संपल्यावर पुन्हा चढवी. नायिकेचं बापाच्या आजारपणाचं सगळं रडणं त्या आठवड्यात एका अर्ध्या चड्डीतल्या माणसासमोर झालं. या चढवण्या-उतरवण्यात कमरेला जो व्यायाम घडला, तो समितीने आपल्या कामगिरीत जमा धरला आहे.

एवढ्यावर आम्ही थांबलो नाही. ध्वनी विभागाचं आरोग्य इतरांहून वेगळं असतं हे ध्यानात घेऊन एक परिपत्रक काढलं. गुडघे वाजत असणाऱ्याने शॉट चालू असताना बसू नये. बसलेला असल्यास उठू नये. उपाशीपोटी माइकजवळ जाऊ नये, पोटातली गुडगुड ऐकू येते. भरल्यापोटी तर मुळीच जाऊ नये. अर्धं केळं चालेल. शिंक आल्यास ती पुढच्या शॉटवर ढकलावी. श्वास घेण्यास हरकत नाही, मात्र सोडताना विचार करावा.

काका म्हणाले, हे सगळं बगळा गेली कित्येक वर्षं करतोच आहे. परिपत्रक यशस्वी झाल्याची इतकी तत्काळ पोचपावती आम्हाला अपेक्षित नव्हती.

त्यानंतर चाचणी. ही ज्याला जमणार नाही त्याला मालिकेच्या पुढच्या पर्वात घेऊ नये, असा निर्मात्यांचा आदेश होता, त्यामुळे सगळेच जिवाच्या आकांताने उतरले. व्यायामशिक्षक बाहेरून बोलावले होते. त्यांचं शास्त्र असं की माणूस जोर लावतोय की नाही, हे त्याच्या आवाजावरून कळतं. लाइटवाल्यांनी वजनाला हात लावण्याआधीच 'हुंऽऽ' केलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. बगळ्याने सगळ्यांत जड वजन उचललं, डोक्यावर धरलं, कपाळाच्या शिरा टरारल्या, आणि ते त्याने परत असं ठेवलं की फरशीलाही कळलं नाही. तोंडातून ब्र नाही.

"हा अंग चोरतोय," शिक्षक म्हणाले.

शेरा मारला गेला: आळशी. उपाय म्हणून रोज हात डोक्यावर धरून उभं राहण्याचा व्यायाम सांगितला गेला.

आता सगळी मदार डॉक्टरांवर होती. बगळ्याचा खांदा खरोखर दुखत असेल तर तसा दाखला मिळाला असता, विश्रांती मिळाली असती, फार काय, जाकीटही हललं असतं. डॉक्टरांनी सेटलगतच्या खोलीत त्याला स्टुलावर बसवलं. पातळशा भिंतीपलीकडे शूटिंग चालू होतं, दारावर लाल दिवा लागलेला. डॉक्टर हळूच म्हणाले, "दुखलं की सांगा," आणि त्याचा हात मागे पिळला. मग आणखी पिळला. बगळ्याने डोळे मिटले, ओठ आत घेतले आणि पायाची बोटं आवळली. ते पाहून माझ्याच अंगावर काटा आला. पण डॉक्टरांनी लाल दिवा विझेपर्यंत दाबून पाहिलं आणि लिहिलं: 'खांद्यात वेदना नाही. डोळ्यांतून पाणी येते, नेत्रतज्ज्ञास दाखवावे.'

"अरे, बोलायचं ना!" मी त्याला बाहेर म्हणालो.

"पलीकडे टेक चालू होता, साहेब."

अशा प्रकारे तो तंदुरुस्त ठरला.

यानंतर तो बाप मरण्याचा सीन आला. नायिका या सीनमध्ये ग्लिसरीनशिवाय रडणार होती, त्यामुळे सेटवर सगळे आधीच भारावलेले. ती पलंगाशी बसून बापाच्या कानात काही कुजबुजते, आणि ते इतकं हळू की दांडा पार पुढे नेऊन हात ताणून धरावा लागतो. सीन लांबला. ती रडली, थांबली, पुन्हा रडली. तेवढ्यात बगळ्याचा खांदा निखळला. दांडा मात्र तसूभरही हलला नाही. दिग्दर्शक 'ओके!' म्हणाले आणि नायिकेसाठी टाळ्या झाल्या.

पण ध्वनीवाल्यांचा एक रिवाज आहे. सीन झाला की तीच माणसं, त्याच जागी, त्याच दिव्यांत गप्प उभी राहतात आणि त्या खोलीची नुसती शांतता मुद्रित करून घेतात. पुढे संवादांच्या मधे ती भरायला लागते. त्या वेळात कोणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मी समोरच उभा होतो. बगळ्याचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता, उजवा खांदा भलतीकडेच आला होता, आणि दांडा वर होता. नायिकेने पाहिलं. लाइटवाल्यांनी पाहिलं. काकांची पाठ होती. आम्ही सगळे बघत होतो, आणि शांतता चालू होती. तिचा दर्जा उत्कृष्ट आला आहे.

काकांनी 'झालं' म्हटल्यावर त्याने दांडा डाव्या हाताने खाली आणला, माइकला काही लागलं नाही ना ते पाहिलं, आणि मग खाली बसला.

दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन आला. "भावजी, यांना घास तोंडाशी नेता येत नाहीये. मी भरवतेय. रात्रभर तळमळले, पण तोंडातून हूं नाही काढला. तुम्ही तरी काहीतरी करा हो. उपचाराच्या खर्चाचा अर्ज दिलाय, पण हे कामावर लागलंय असं तुम्ही लिहून द्यायला हवं म्हणतात." मला फार वाईट वाटलं. (ही भावना इतिवृत्तात घेतलेली नाही.)

अडचण अशी की आमच्या नोंदीनुसार त्याला वेदना होतच नाहीत. दुखापत कामावर झाली याला पुरावा काय? तर काका हेडफोन घेऊन आले. "ऐका," म्हणाले. नायिकेचा हुंदका, मग थोडी उसंत, आणि त्या उसंतीत स्पष्ट, कोरडा, 'कट्'. काकांचे डोळे भरून आले होते. "हा त्याचा खांदा आहे, साहेब. एवढ्या वर्षांत त्याचा माझ्या टेपवर आलेला हा पहिला आवाज."

समितीने विषयाचा सर्वांगीण विचार केला. आवाज आहे असं एकट्या काकांचं म्हणणं होतं, आणि काका विभागाचेच. (मीही ऐकला, पण मी पडलो समिती.) तेव्हा निःपक्षपाती निवाडा प्रेक्षकांवर सोपवायचं ठरलं. भाग जसाच्या तसा दाखवायचा. ऐन मरणाच्या प्रसंगी असा 'कट्' खरोखर वाजला असेल तर प्रेक्षक गप्प बसणार नाहीत. एकानेही तक्रार केली तर दुखापत मान्य.

भाग दाखवला गेला. लाखोंनी पाहिला. तक्रारींचा पाऊस पडला: पडद्यांचा रंग भडक होता, बाप मेल्यावर श्वास घेत होता, नायिकेला ते केस शोभत नव्हते. 'कट्'बद्दल एकही नाही. दुखापत झालीच नव्हती हे त्यामुळे निर्विवाद सिद्ध झालं, आणि बगळ्याचा अर्ज निकाली काढण्यात आला. पुढच्या पर्वात दांडा दुसरा कोणीतरी धरेल.

या निकालात आपलाही वाटा आहे, वाचकहो. तो भाग आपणही पाहिलात. शेजारी कोणी झोपलं होतं, किंवा समोर साहेब बसले होते, म्हणून आपण फोनचा आवाज पूर्ण बंद केला होता आणि खाली उमटणाऱ्या ओळी वाचता वाचता आपल्याला रडू आलं. समिती आपली ऋणी आहे.