तुंगाबाईची खानावळ आणि समाधानाचं माप

एका जंगलात, बाळांनो, तुंगाबाई नावाची एक अस्वलीण खानावळ चालवत असे. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वर मधाचा एक थेंब. जंगलात तिचं नाव होतं.

तिची बहुतेक गिऱ्हाइकं म्हणजे गवे. पण हल्ली ते पूर्वीसारखे येईनात. तुंगाबाईच्या जिवाला घोर लागला. ती प्रत्येक पानाशी जाऊन विचारी, "जेवण बरं झालं होतं का हो?"

"फारच छान!" सगळे घाईघाईनं म्हणत. समोर अस्वल कमरेवर हात ठेवून उभं असताना तुम्ही तरी दुसरं काय म्हणाल?

शेवटी तिनं धवलराव बगळ्याला बोलावलं. धवलराव मोठा पाहणीतज्ज्ञ. एका पायावर तासन् तास उभा राहायचा, त्यामुळे तो विचार करतो असा सगळ्यांचा समज होता.

"बाई, समाधान पोटात असतं," धवलराव म्हणाला. "ते दिसत नाही. म्हणून दिसेल असं काहीतरी धरायचं. आपण शेपूट धरू. जितकी शेपूट हलेल, तितकं समाधान."

"पण शेपटीचा आणि पिठल्याचा काय संबंध?"

"कुत्र्याची शेपूट कधी हलते?"

"खूश झाला की."

"झालं तर!" धवलराव म्हणाला आणि त्यानं पाय बदलला.

मोजणी सुरू झाली. पहिल्याच पंगतीत एक भानगड निघाली. कोपऱ्यात डबरू नावाचा बेडूक जेवत होता. रोजचं गिऱ्हाईक. पिठलं संपवून तो पत्रावळ चाटत होता.

"वा, तुंगाक्का! आज तर हाताला अमृत लागलंय तुझ्या!"

धवलरावानं त्याला मागून नीट न्याहाळलं. "शेपूट नाही. समाधान शून्य."

"अहो, तो पत्रावळ चाटतोय!" तुंगाबाई म्हणाली.

"चाटणं हे आपलं माप नव्हे, बाई. हा एकटा सगळ्या खानावळीची सरासरी खाली ओढतोय."

तुंगाबाईनं जड मनानं डबरूला सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस. बेडकाचे डोळे मुळातच मोठे. ते भरून आलेले तिला बघवेनात.

आता डबरू जेवता जेवता माशाही मटकावत असे. तो गेला आणि माशा वाढल्या. त्या गव्यांच्या पाठीवर घोंघावू लागल्या. गवे सटासट शेपट्या मारू लागले.

"बघा!" धवलराव म्हणाला. "समाधान दुप्पट!"

तुंगाबाईला पटेना. "पुन्हा मोजा."

त्यानं सकाळी मोजलं, दुपारी मोजलं, उलट्या बाजूनं मोजलं. दर वेळी तेच उत्तर. आता इतक्या वेळा तेच येतं म्हटल्यावर बिचारी काय बोलणार? आपलंच काहीतरी चुकत असेल, असं तिला वाटू लागलं.

उकिरड्याजवळच्या पानांवर समाधान सर्वांत जास्त आहे, असंही निघालं. तेव्हा सगळी पंगतच उकिरड्याला हलवली. दुसऱ्या दिवशी गवे आले, त्यांनी एकदा वास घेतला आणि ते जे गेले ते परत फिरकले नाहीत.

उरला एकटा वाघ. वैद्यांनी त्याला पथ्य सांगितलं होतं, म्हणून तो बापडा नाक मुरडत पिठलं-भाकरी खायला येई. त्या दिवशी त्यानं पहिला घास घेतला आणि तो थबकला.

"बाई," वाघ अगदी हळू आवाजात म्हणाला, "पिठल्यात माशी आहे."

त्याची शेपूट जमिनीवर आपटू लागली. आधी टोक, मग अर्धी, मग सगळी. धूळ उडाली.

"विक्रम!" धवलराव पंख फडफडवत ओरडला. "बाई, जंगलाच्या इतिहासात असं समाधान झालं नसेल!"

तुंगाबाईनं शेपूट पाहिली, मग वाघाचे दात पाहिले. या एका क्षणी तिनं शास्त्रापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला आणि जवळच्या सागावर सरसर चढली. वाघानं झेप घेतली. तिच्या मागच्या पायाचे थोडे केस त्याच्या पंजात राहिले.

संध्याकाळ झाली तरी वाघ झाडाखालून हलेना. शेपूट मात्र सारखी चालू. वर तुंगाबाई खोडाला मिठी मारून बसली होती. शेजारच्या फांदीवर धवलराव एका पायावर उभा होता.

"आता काय करायचं हो?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

"करायचं काय? अभिमान बाळगायचा," धवलराव म्हणाला. "जेवण होऊन इतका वेळ झाला, तरी गिऱ्हाइकाचा पाय निघत नाही!"

तात्पर्य : माप चुकीचं असलं तरी चालतं, बाळांनो. ते दर वेळी सारखंच चुकलं पाहिजे, म्हणजे त्याला शास्त्र म्हणतात. आणि ज्याला शास्त्र करायचं असेल, त्यानं आधी उडायला शिकावं.