वाढत्या अंगाचे मासे

मासा गळाला लागला की माणूस आधी त्याचं कालवण कसं करायचं ते ठरवतो. आमच्या गावात आधी हुसेनचाचांना हाक मारावी लागे. चाचा गळ्यातला टेप सरळ करत तलावाच्या पाळीवर येत, तडफडणाऱ्या माशाचं डोकं एका हातानं दाबत, दुसऱ्या हातानं टेप शेपटीपर्यंत नेत आणि निकाल देत, "वाढतं अंग हाये. सोडा त्याला."

चाचा म्हणजे गावचे एकुलते एक शिंपी. धावड्याच्या रस्त्यावरच्या त्या गावात मी शाळामास्तर म्हणून गेलो, तेव्हा पहिली ओळख त्यांच्याशीच झाली, कारण माझी खोली त्यांच्या दुकानाच्या पाठीला पाठ लावून होती. वाढतं अंग हा त्यांचा धर्मच होता. पहिलीतल्या पोराची चड्डी ते अशी शिवत की ती चौथीपर्यंत पुरे; पहिलीत मात्र पोरगं तिच्यात शोधावं लागे. माझं वय तेव्हा तिशीला टेकलेलं. तरी माझ्या सदऱ्यात त्यांनी आणखी एक मास्तर मावेल एवढी जागा ठेवली. मी कुरकुर केली तर म्हणाले, "लग्न व्हऊ द्या गुरुजी, मंग बगा. भरतंय अंग."

तलाव दुष्काळी कामावर खोदलेला. खडी फोडायला घरटी माणूस गेलेलं, म्हणून त्यातले मासेही साऱ्या गावाचे, असा पंचायतीचा ठराव झाला. पण तलावात मासे नव्हतेच. ते आणले चाचांनी. जालन्याच्या अलीकडे त्यांच्या कुण्या दोस्ताचं तळं होतं. तिथली चिलापी माशाची पिल्लं घागरीत घालून ते एसटीत बसले. कंडक्टरनं विचारलं, घागरीत काय? चाचा म्हणाले, "लेकरं." पिल्लांना हवा मिळावी म्हणून ते वाटभर घागरीतल्या पाण्यावर पंजा मारत होते. भोकरदन येईपर्यंत पुढच्या बाकावरच्या पाहुण्याचा फेटा पिळण्याजोगा झाला होता.

दुकान पाळीला लागून आणि दुसरं कुणी तयार नाही, म्हणून पंचायतीनं राखणही चाचांवरच सोपवली. त्यांनी नियम केला: टेपावर फूटभर भरेल तोच मासा घरी न्यायचा, बाकीचे परत पाण्यात. गावानं मान डोलावली. एवढा सज्जन नियम, त्याला नाही कोण म्हणणार?

पहिलं वर्ष गेलं, दुसरं गेलं. मासे वाढले, पण संख्येनं. पाण्यात भाकरीचा तुकडा टाकला तर पाणी उकळल्यासारखं दिसे. फूटभर मात्र एकही भरेना. पाटलांच्या रामभाऊनं एकदा पाळीवरून सगळ्यांच्या देखत विचारलं, "चाचा, मासे तुमच्याकडं शिवायला टाकलेत का हो? दिवाळीच्या आधी काय भेटत न्हाईत!" सगळे हसले. चाचाही हसले. मग वाकून त्यांनी रामभाऊचा मासा हळूच पाण्यात सोडला.

हसणं आंबायला वेळ लागत नाही. माणसं चोरून गळ टाकायला लागली, चाचा दुकान सोडून पळायला लागले, लग्नसराईतले कपडे लटकले. शेवटी सरपंचांनी मासेखात्याच्या साहेबांना बोलावलं.

साहेब तरुण होता, पण चिडका नव्हता. त्यानं एकदा जाळं ओढायला लावलं. जाळ्यात बोटभर, चार बोटं अशी मासळी खच्चून आली. चाचा काळजीनं म्हणाले, "साहेब, जरा जल्दी करा. पिल्लं हायेत."

साहेबानं एक मासा उचलला. डोकं मोठं, अंग काटकुळं. त्यानं बोटानं त्याचं तोंड उघडलं आणि चाचांपुढे धरलं. आत पिवळी अंडी भरलेली होती.

"हे पिल्लू नाही, चाचा. ही आई आहे. ही जात अंडी तोंडात सांभाळते. हिची वाढ केव्हाच खुंटलीय. तळ्यात खाणारी तोंडं फार आणि खाणं तेवढंच. तुम्ही एकालाही काढलं नाही, म्हणून सगळे उपाशी राहिले. निम्मे तरी काढा, म्हणजे उरलेले वाढतील."

चाचांनी टेप गळ्यातून काढून खिशात घातला. त्या दिवसापर्यंत मी त्यांना टेपाशिवाय पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भोयांनी जाळी लावली. टोपल्याच्या टोपल्या बाहेर निघाल्या. घराघरांवर मासे वाळत पडले, गावभर वास सुटला, आणि बऱ्याच दिवसांनी गाव खूश दिसलं. चाचांचा वाटा घेऊन मी दुकानात गेलो. ते मशीनपुढे बसले होते. मशीन बंद होतं.

"न्हाई जानार मला," वाट्याकडे न बघता ते म्हणाले. मग म्हणाले, "गुरुजी, साहेब काल जे बोलला ना, ते मला आमच्या मामूनं सांगितल्तं."

त्यांचे आईवडील एकाच पावसाळ्यात तापानं गेले होते. मागे पाच भावंडं, त्यांत चाचा थोरले. जुन्या जालन्याहून मामू आले आणि म्हणाले, दोघांना माझ्याकडं दे, इथं पाचांचं भागायचं नाही.

"म्या दारात आडवा झालो. म्हन्लं, एकाला बी न्हाई देनार. अर्धी तर अर्धी, सगळे संगं खाऊ. लोक म्हन्ले, वा, भाऊ असावा तर असा! लई बरं वाटलं बगा मला. धाकटा सलीम दुसऱ्या हिवाळ्यात गेला. बिमारी साधीच व्हती. हकीम म्हन्ला, अंगातच काय न्हाई, दवा कशावर लागू व्हईल? मामूकडं भात व्हता गुरुजी. दोन्ही टाइम."

"चाचा, तुम्ही तेव्हा लेकरूच होतात."

"व्हतो ना. पन न्हाई म्हन्नारा मीच व्हतो."

मासे तेवढे पिशवीत होते, ते घेऊन मी परत आलो.

पुढच्या वर्षी उरलेली चिलापी खरोखर वाढली. मासे आणले म्हणून गावानं चाचांचं नाव घेतलं, रामभाऊनं तर त्यांना हारही घातला. चाचांनी तो तिथल्या तिथे काढून ठेवला.

त्याच उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर जालन्याला गेलो. ते दोरा, बटणं घ्यायला तिथल्या पेठेत महिन्यातून एकदा जात. त्या पाच भावंडांतली त्यांची धाकटी बहीण मुन्नी त्याच पेठेमागच्या गल्लीत राहते, हे मला त्या दिवशी कळलं. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर चाचांनी तिच्या पोरीसाठी शिवलेला फ्रॉक माझ्या हातात दिला. "तुमीच द्या. म्हना, भाईला घाई व्हती. मी स्टँडवर हाये."

दार उघडल्यावर मुन्नीबाईंनी फ्रॉककडे पाहिलंच नाही. माझ्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं.

"भाई आल्ता ना? दर टाइमाला असंच करतो. कुनाच्या तरी हाती देतो न् जातो. मी काय केलं हो त्याला?" मग एकदम गडबडून म्हणाल्या, "त्याला घेऊनच या. बिलकुल सोडू नका. म्हनावं, भात टाकलाय."

मी जवळजवळ पळतच स्टँडवर आलो. धावड्याची गाडी नुकतीच सुटली होती, आणि चाचा तिच्यातून निघून गेले होते.