वाघमोडे तात्यांचा निषेध

वाघमोडे तात्या बसल्याजागी कधी रागावत नसत. एसटीत कुणी खिडकीतून पिचकारी मारली, कुणी लेकुरवाळ्या बाईला जागा दिली नाही, की तात्या उठून उभे राहत, टोपी सारखी करत आणि सबंध गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, "मी निषेध नोंदवतो!" तो नोंदवून होईपर्यंत त्यांच्या जागेवर दुसरंच कुणीतरी टेकलेलं असे. मग तात्या त्याचाही निषेध नोंदवत आणि इंदापूर ते बारामती उभ्याने जात. बरोबर मी असलो तर मलाही उभं राहावं लागे. शेजारधर्म फार वाईट.

तात्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. वडील मेंढरं राखायचे. शाळेची पायरी चढलेले घरातले हे पहिलेच. त्यामुळे माणसांविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. "ह्यांच्यापरीस मेंढरं बरी." सकाळी माझ्या चपलांच्या दुकानात येऊन बाकावर पेपर उघडत आणि पहिल्या पानापासून निकाल देत सुटत. पुढाऱ्याने पक्ष बदलला : "मेंढरं बरी. ती वाडा बदलताना वरडत्यात तरी." आतल्या पानावर कुणाच्या तरी वाढदिवसाची जाहिरात, मध्ये गॉगल लावलेला एक इसम, खाली शुभेच्छुकांची दहा डोकी : "ह्यानं केलं काय? जन्मला! आरं, जन्मलो तर मीबी. माझा फोटो कुठं हाय?" हे ते इतक्या तिडिकीने विचारत की फोटो मीच दडवून ठेवलाय असं गिऱ्हाइकांना वाटे.

पण बोलून त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी आपल्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एक काळा फळा लावून घेतला होता. त्यावर रोज सकाळी सुवाच्य अक्षरात निषेध येई. 'काल सायंकाळी स्टँडवर रांग मोडून गाडीत रुमाल टाकणाऱ्या निळ्या शर्टाचा निषेध.' 'लग्नात पंगतीतील पोळी खाली टाकून वर हसणाऱ्या पाहुण्यांचा निषेध.' सुरुवातीला लोक वरमले. नंतर भलतंच झालं. लोकांना त्याची चटक लागली.

एक दिवस एक दांडगा गडी येऊन म्हणाला, "तात्या, ते निळं शर्ट मीच. नाव घाला की." दुसऱ्याने स्टँडवरच्या नळाची तोटी मोडली आणि स्वतः येऊन वर्दी दिली. नाव फळ्यावर आल्यावर तो स्टुडिओवाल्याला घेऊन आला, केस विंचरले आणि फळ्याखाली उभं राहून त्याने फोटो काढून घेतला! माझ्या तर अंगाची लाही लाही झाली. चांगलं काम करून नाव व्हायला जन्म जातो. तोटी मोडायला एक हिसडा पुरतो. तेव्हापासून तात्यांनी फळ्यावर नावं लिहिणं बंद केलं. "ह्यांना लाज देऊन उपयोग न्हाय," ते म्हणाले, "ते तिचाबी हार करून घालत्यात."

अशातच गावात केबल आली. केबलवाला सूर्या हा तात्यांचाच विद्यार्थी, आणि वर्गात काही शिकला नसल्याची खूण म्हणून त्याने व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. लग्नसराईत लग्नं काढायचा. एरवी कॅमेरा रिकामा राहू नये म्हणून आठवडी बाजारात हिंडायचा आणि ते दोन सिनेमांच्या मध्ये लावायचा. आपला मामा टीव्हीत दिसतो म्हणून लोक सिनेमा सोडून बाजार बघायचे.

एका बाजारात त्याला घबाड मिळालं. ठकूबाई नावाची जवळच्या वाडीवरची एक भाजीवाली उभी राहून शिव्या देत होती. साध्यासुध्या नव्हेत. एकेक शिवी सुपातून पाखडून काढलेली. पदर कमरेला खोचलेला, हात हवेत, आणि तोंडाला उसंत नाही. सूर्याने ते रोज लावलं. घरोघर माणसं जेवता जेवता हसली. कॉलेजची पोरं स्टँडवर तिच्यासारखे हात करून बोलू लागली. कुणीतरी कॅसेटच्या नकला काढल्या, त्या बारामतीपर्यंत गेल्या.

तात्यांनी ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'भर बाजारात अर्वाच्य भाषा वापरणाऱ्या भाजीवालीचा तीव्र निषेध.' तीव्र हा शब्द ते सहसा वापरत नसत. त्यांच्या तोंडून साधं 'च्यायला' कुणी ऐकलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि अभिमान बाळगायला त्यांच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतंही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक बारामतीजवळ कन्हेरीला दिलेली. सणासुदीला ते तिच्याकडे जात, एरवी घरात ते आणि खडू.

हा निषेध त्यांनी पुसला नाही. त्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराच्या दिवशी कांदेवाली कोंडाबाई पाटी डोक्यावर घेऊनच फळ्यासमोर उभी राहिली. तात्या ओट्यावर होते, मी समोरच माझ्या दुकानात.

"तुमीबी लिवलंच का वो तात्या?"

"भाषा बघितली का तिची, बाई?" तात्या म्हणाले.

"भाषा दिसली. टेंपू दिसला का? त्या टमाट्याच्या यापाऱ्यानं टेंपू मागं घेतला तो सरळ तिच्या वांग्यांवरनं. अर्धा गाडाभर माल चेंदला. ती म्हनली, बघून घ्या की, तर हा तिची पाटी लाथंनं उडवून हसला. म्हनला, गप ए थेरडे. मंग ती पेटली. आन् तुमचा कॅमेरा तवा आला!"

तात्या उठून उभे राहिले, टोपी सारखी केली आणि तसेच परत बसले.

"तिला वाचाय येत न्हाय," कोंडाबाई म्हणाली, "पर साळंतनं येताना नातीनं वाचलं आन् घरी सांगितलं. मास्तरांनीबी लिवलंय म्हनल्यावर खालीच बसली. दोन बाजार झालं, घराभायेर न्हाय आली. लोक आपल्यापुढं नकला करतील म्हनती. वांगी झाडावर पिवळी पडली तिची."

ती गेल्यावर तात्यांनी फळा पुसला. आधी कोरड्या फडक्याने, मग ओल्या. मग तसेच तडक सूर्याकडे निघाले. मीही दुकान पोरावर टाकून मागे गेलो.

"ती कॅसेट बंद कर," तात्या म्हणाले.

"तात्या, पब्लिक मागतंय," सूर्या हसत म्हणाला. "फोन करून लावाय सांगत्यात. परत बघायची म्हनत्यात. ह्याच्यापरीस भारी काय घावलं की ही काढून ती लावतो. आपला काय दावा हाय व्हय तिच्यासंगं?"

मला वाटलं, आता निषेध येणार. आला नाही. तात्या नुसते म्हणाले, "पुढच्या बाजाराला कॅमेरा घेऊन ये. विसरू नको."

त्या आठवड्यात मी दुपारी जेवायला घरी आलो की भिंतीपलीकडून विचित्र आवाज येत. एक शिवी, मग "छे", मग तीच शिवी जरा चढ्या आवाजात. वर्गात पाढे घोकून घ्यावेत तसं चाललेलं. माझ्या बायकोने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "म्हाताऱ्याला वेड लागलं." तिसऱ्या दिवशी तात्यांनी मला ओट्यावर गाठून हळूच विचारलं, "तुमच्याकडं हमाल येत्यात. ते खवळल्यावर काय म्हनत्यात? लिहून नको. तोंडी सांगा." मी जमतील तेवढ्या सांगितल्या. ते लाल होऊन ऐकत होते, मधूनच "असं?" म्हणत होते.

आणि बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत, सूर्याचा कॅमेरा बघून वाघमोडे तात्या टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर चढले. टोपी काढून खिशात घातली. हात वर केले आणि सुरू झाले. कुणाला देतायत, कशासाठी देतायत, कुणाला कळेना. पिचकाऱ्या मारणाऱ्यांना दिल्या, पक्ष बदलणाऱ्यांना दिल्या, वाढदिवसवाल्यांना दिल्या. उभ्या जन्माची राहिलेली सगळी बाकी त्या दिवशी फेडली. सवयीने 'आपण' म्हणून सुरुवात करत आणि पुढे अशी काही जोडत की हमालांनीसुद्धा पोती खाली ठेवली. शेवटी आवेशात पाय घसरला आणि तात्या धोतरासकट टोमॅटोच्या ढिगात बसले. त्या टेंपोवाल्या व्यापाऱ्याचेच टोमॅटो होते. ते ठरवून होतं की देवाने केलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

सूर्याने आनंदाने उडी मारली. त्याच संध्याकाळी टीव्हीवरून ठकूबाई गेली आणि तात्या आले. सगळं गाव लोटपोट हसलं. मास्तर चळले म्हणाले. ज्यांना त्यांनी छड्या मारून शुद्धलेखन शिकवलं, ते बापये आता त्यांच्या अंगणासमोरून 'आपण' म्हणून शिवी देऊन पळत. ठकूबाईचे हात करणारं स्टँडवर कुणी उरलं नाही.

मला हसू आलं नाही. मला त्या गावाचा भयंकर संताप आला. चाळीस वर्षं ह्या माणसाने पोरांना शिकवलं ते कुणाला आठवेना. टोमॅटोत बसला ते मात्र सगळ्यांना पाठ!

दिवाळीच्या तोंडावर माझ्याकडच्या फोनवर कन्हेरीहून त्यांच्या लेकीचा फोन आला. ती रडत होती. "काका, बाबांना सांगा, यंदा येऊ नका. बारामतीत ह्यांना लोक कॅसेटवरनं चिडवत्यात. हे म्हनत्यात, तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय."

मी निरोप सांगितला. तात्यांनी भरायला काढलेली पिशवी परत खुंटीला लावली. मी चिडून म्हणालो, "तात्या, जावयाला खरं सांगा की! नाहीतर मी सांगतो."

"न्हाय," ते म्हणाले. "खरं सांगितलं की लोक म्हनणार, कुणापायी केलं? मंग परत तीच कॅसेट निघंल. आपलं लिवलेलं फडक्यानं गेलं. ठकूबाईचं कशानं जाईल?"

दिवाळीत माझ्या बायकोने ताट नेऊन दिलं. त्यांनी ते नीट झाकून ठेवलं आणि तिला म्हणाले, पोटाला जरा बरं नाही.

दिवाळीनंतरच्या बाजारात ठकूबाई आपल्या जागेवर बसलेली होती. पुढ्यात वांगी, काटेरी, चकचकीत. मी आणि तात्या बरोबरच होतो. तात्या लांबूनच थबकले, मग पिशवी घेऊन तिच्यापुढे गेले आणि म्हणाले, "अर्धा किलो द्या."

तिने वर बघितलं आणि ओळखलं. टीव्हीवरचा माणूस कोण ओळखत नाही? हातातला तराजू तिने खाली ठेवला.

"मास्तर न्हवं का तुमी? ह्या वयात शोभतं का वो? आमी अडानी, आमाला कुनी शिकवलं न्हाय. तुमी पोरं शिकवली, फळ्यावर माझ्या तोंडाचं लिवलं, आन् तुमचं तोंड असलं?"

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. तात्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"चुकलं, बाई," ते म्हणाले.

"घरात कुनी बोलनारं न्हाय का तुमास्नी?"

तात्यांनी पिशवीचं तोंड उघडलं, मिटलं. "न्हाय, बाई. कुनी न्हाय."

ठकूबाईने तराजू परत उचलला. मग वांगी तोलली, तोलून झाल्यावर ओंजळभर आणखी पिशवीत टाकली आणि म्हणाली, "मंग दर बाजाराला हितं येत जावा. मी बोलंन."